गाळलेला नमुना

टेमुर्लीच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक होता आणि त्यावर चोवीस तास हिरवा दिवा जळायचा. दिव्याखालून चालती अक्षरं जायची : ‘पिण्याचे पाणी सुरक्षित. नमुना घेणार : सौ. बेबीनंदा पिदुरकर, जलसुरक्षक.’ नवरा जाऊन बारा वर्षं झाली तरी त्या यंत्रानं बेबीताईंच्या नावामागचं ‘सौ.’ काही सोडलं नव्हतं. त्यांनी तालुक्याला दोनदा अर्ज केला, मग नाद सोडला. म्हणाल्या, जाऊ दे, तेवढं तरी मानाचं राहू दे.

जलसुरक्षक म्हणजे नाव मोठं. काम काय, तर टाकीत पावडर टाकायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, कुठं पाइप फुटला तर पहिल्या शिव्या खायच्या आणि महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना नागपूरला पाठवायचा. नऊ वर्षं त्या या कामावर होत्या. टाकीच्या बत्तीस पायऱ्या चढताना आताशा गुडघे बोलायचे. पण सोडून करणार काय?

हा महिन्याचा नमुना गॅस कंपनी यायच्या बेताला सुरू झाला. चार वर्षांपूर्वी, म्हणजे २०३३ साली, नाल्यापलीकडच्या पडीत जमिनीत कंपनीनं पहिली विहीर पाडली. विहीर म्हणायची आपली. ते होतं वीतभर रुंदीचं आणि दोन किलोमीटर खोलीचं भोक. त्यात पाणी, वाळू आणि रसायनं अशा जोरानं दाबायची की तळाचा काळा खडक तडकतो. वाळू त्या तड्यांत अडकून बसते, तडे मिटत नाहीत आणि खडकात युगानुयुगं कोंडलेला गॅस वर यायला लागतो. पुस्तकात याला फ्रॅकिंग म्हणत. टेमुर्लीत ‘खडक फोडणं’ म्हणत आणि त्यावरून गावात सरळ दोन तट पडले होते. ज्यांच्या घरातलं कोणी कंपनीत लागलं ते एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. बेबीताईंचे जावई रोशन मत्ते कंपनीत पंपांवर सुपरवायझर होते, आणि बेबीताई स्वतः पंचायतीच्या. तेव्हा त्यांनी कुठं बसावं हे त्यांनाच कोणी सांगत नव्हतं.

परवान्यातच अट होती की खोदकामाच्या आधी एकदा आणि नंतर दर महिन्याला गावच्या पाण्यातला रेडॉन मोजायचा. त्यासाठी तालुक्याला एक तासाचं प्रशिक्षण झालं. त्यातला अर्धा तास सत्काराचा. घरी येताना काचेच्या बाटल्या मिळाल्या, एक पातळ नळी मिळाली आणि इंग्रजीतला एक कागद मिळाला. कागद बेबीताईंनी डब्याखाली जपून ठेवला. नळी अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालायला फार सोयीची निघाली.

त्या बुधवारी नागपूरहून डॉ. उत्पला मेश्राम आल्या. विद्यापीठात भूजलावर काम करणाऱ्या, पस्तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात मळके बूट. येत्या सोमवारी गावात जनसुनावणी होती. कंपनीला आणखी बारा विहिरी पाडायच्या होत्या. सरपंचांनी उत्पलांना बोलावून घेतलं होतं, कारण हल्ली नळाचं पाणी पेल्यात बुडबुडत यायचं, आणि फलक मात्र हिरवाच.

टाकीखालच्या नळाशी उत्पलांनी कुकरएवढं एक यंत्र मांडलं. स्वतःच्या बाटलीत नळी पार तळापर्यंत घातली, बाटली भरून वाहू दिली आणि एकही बुडबुडा राहणार नाही असं बूच लावलं. अर्ध्या तासानं रेडॉनचा आकडा आला. अठराशे चाळीस. त्यांनी दुसरी बाटली भरली. अठराशे पंधरा. मग बेबीताईंनी त्याच सकाळी नागपूरसाठी भरून ठेवलेली बाटली लावली. एकतीस.

“मॅडम, तुमची मशीन बिगडली असंल,” बेबीताई म्हणाल्या.

“असेलही. तुम्ही बाटली कशी भरता, मला करून दाखवता का?”

विचारायचाच अवकाश. बेबीताईंना आपल्या कामाचा अभिमान होता आणि पाहायला कोणी येत नव्हतं. त्यांनी घरून दोन लख्ख कळशा आणल्या. तोंडाला दुहेरी धुवट फडकं बांधलं, नळाची धार वरून सोडून पाणी गाळून घेतलं. “असं रात्रभर उघडं ठेवतो, गाळ बसाले,” त्यांनी सांगितलं. मग या कळशीतून त्या कळशीत, त्या कळशीतून या कळशीत, हात उंच करून सात-आठ वेळा पाणी खेळवलं, म्हणजे पावडरचा वास उडतो. पुन्हा एकदा गाळलं, आणि गळ्याखाली दोन बोटं जागा ठेवून बाटली भरली.

उत्पलांनी ती बाटली हातात घेऊन गळ्याखालची रिकामी जागा पाहिली. मग म्हणाल्या, “हे घरी रोज करता?”

“घरी कायले? नळ आला तवापासून कोण गाळते? आता फक्त पाहुण्यासाठी.” बेबीताई हसल्या. “अजी, नागपूरचे लोक पाहणार आपल्या गावचं पाणी. तसंच वासाचं, गाळाचं पाठवू का? गावाचं नाव आहे ना जी.”

उत्पला टाकीच्या ओट्यावर बसल्या आणि बेबीताईंनाही त्यांनी शेजारी बसवलं.

“खालच्या खडकात अगदी थोडं युरेनियम असतं,” त्या सांगू लागल्या. “ते झिजत झिजत त्यातून एक वायू तयार होतो, रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडक जागच्या जागी असला तर बहुतेक तिथंच विरून जातो, कारण दर चार दिवसांनी तो निम्मा होतो. पण खडकाला तडे गेले, वाट मिळाली, तर गॅसबरोबर वर येतो आणि तुमच्या टाकीला येणाऱ्या बोअरच्या पाण्यात विरघळतो. पाणी बंद पाइपात आहे तोवर तो पाण्यात राहतो. पाणी उघड्यावर पडलं, हललं, तापलं की लगेच उडून हवेत जातो. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं ना, तसंच.”

“म्हणजे मी गाळलं की…”

“उडून जात होता. उरलेला बाटलीतल्या मोकळ्या जागेत. नागपूरला पोचेपर्यंत काहीच राहत नव्हतं.”

“म्हणजे मी पाणी साफ करून पाठवत होती?”

“हो, बेबीताई.”

“चारही वर्षं?”

“चारही वर्षं. आणि खोदकामाआधीचा तो पहिला नमुनासुद्धा.”

बेबीताईंना लाज वाटली, नुसती लाज. भर बाजारात पदर सुटावा तशी. मग लाजेच्या मागून दुसरं काही आलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. घरी लेक बाळंतीण होती. मोनालीला आज अठरावा दिवस. आतली खोली, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दार लावलेलं, आणि लागूनच्या न्हाणीत दोन वेळा कढत पाण्याचं न्हाणं, मायलेकी दोघींचं.

“त्या पोट्टीले काई होईल का मॅडम?”

“आज-उद्यात नाही. घाबरू नका. हे पाणी पिण्यापेक्षा त्यातून सुटलेल्या हवेत राहण्याचा त्रास जास्त. तोही वर्षानुवर्षं राहिलं तर. रेडॉन छातीत विरतो, मागं बारीक किरणोत्सारी कण ठेवून जातो, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शंभराच्या वर आकडा गेला की आम्ही काळजी करतो. इथं अठराशे आहे. खिडकी उघडा. पाणी अंगणात उंचावरून ओता, रात्रभर उघड्यावर राहू द्या, मग घरात न्या.” उत्पला पुढं म्हणाल्या, “तुम्ही नमुन्याचं जे करत होतात ना, नेमकं तेच पिण्याच्या पाण्याचं करायला हवं.”

हे ऐकून हसावं की रडावं ते बेबीताईंना कळेना. त्यांनी कळशा उचलल्या.

सरपंच मोरेश्वर बोबडे यांनी पंचायतीचं दार लावून सगळं ऐकून घेतलं. पन्नाशीचा, बोलका माणूस, कंपनीशी चार वर्षं भांडून थकलेला. ऐकता ऐकता त्यांचे डोळेच चमकले.

“बेबीताई, खोदकामाच्या आधी तुमचा आकडा किती होता?”

“बावीस.”

“आणि आज अठराशे चाळीस! अजी, यापरीस मोठा पुरावा कोणता पाह्यजे? गेल्या महिन्यात त्यांनी नवा खडक फोडला, त्यानंच झालं म्हणू. सोमवारी उभं राह्याचं आणि दोन आकडे वाचायचे. बस.”

“तो बावीस खोटा आहे,” उत्पला म्हणाल्या.

“कोण म्हणते खोटा? सरकारी शिक्का आहे त्यावर.”

“आधी किती रेडॉन होता हे आता कोणालाच माहीत नाही. नसेल, किंवा असेलही थोडा. काही खडकांत तो मुळातच असतो.”

“मॅडम, कंपनीचे वकील खरं बोलून राहिले का? आमीच कायले सत्यवान व्हायचं?” सरपंच बेबीताईंकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. “बाई, फडक्याचं एकदा सांगतलं तर तो बावीसही गेला. मग वकील म्हणंल, रेडॉन पहिलेपासूनच होता, आमचा काय दोष? बारा विहिरी होतील. सोमवारपर्यंत कुठं बोलू नका. अठराशेचंही नाई. त्यांच्या कानावर गेलं तर ते तयारी करून येतील.”

उत्पला जाताना दारात म्हणाल्या, “मी माझी मोजणी मांडीन. तुमच्या बाटलीबद्दल मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण सांगायचं असेल तर ते तुम्हीच सांगावं असं मला वाटतं.”

चार दिवस होते. चार दिवस माणसानं तोंड मिटून काढायचे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, असं आपल्याला वाटतं. बेबीताईंनी घरी येऊन खिडकीच्या चिंध्या ओढून काढल्या.

“आई, काय करून राहिली तू? हवा लागंल न,” मोनाली उठून बसली.

“लागू दे.”

“काल तं म्हणत होती, फट राहू द्यायची नाई म्हणून!”

“काल मले अक्कल नव्हती. झोप आता.”

अंगणात त्यांनी मोठी घमेली मांडली आणि कळशीनं वरून पाणी ओतायला लागल्या. कुंपणापलीकडून शेजारच्या शकूबाई काकड्यांनी मान वर केली. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. शकूबाईंच्या नजरेतून अंगणातलं एक पानही सुटत नसे, मग बाळंतिणीची सताड उघडी खिडकी कशी सुटेल?

“काय व बेबी, खिडकी उघडी? आणि हा पाण्याचा काय खेळ मांडला?”

“डॉक्टरनं सांगतलं,” बेबीताई म्हणाल्या.

“कोणत्या डॉक्टरनं? माह्या सुनेले तं सांगतलं नाई.”

शकूबाईंच्या सुनेला आठवा महिना लागला होता. ती त्याच टाकीच्या पाण्यानं, तसल्याच कोंदट न्हाणीत न्हात होती. बेबीताईंनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि कळशी पुन्हा भरायला घेतली. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. आपलं नातवंड तेवढं वाचवायचं आणि शेजारणीच्या तोंडावर खोटं बोलायचं, असली बाई आपण कधीपासून झालो, हा एकच विचार. शुक्रवारी शकूबाईंनी पुन्हा विचारलं. शनिवारी त्यांनी विचारणं सोडलं, नुसत्या पाहत राहिल्या. ते जास्त अवघड होतं.

रविवारी रोशन आले, लेकीला पाहायला. शांत स्वभावाचे, हातात नेहमी काहीतरी आणणारे. खिडकी पाहून तेही चमकले, पण सासूबाईंच्या राज्यात बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, “मामी, उद्याच्या सुनावणीत आमचा सगळा भरोसा तुमच्यावर आहे. साहेबलोक म्हणते, त्या बाईचे आकडे चार वर्षांत चाळीसच्या वर गेले नाईत. तुमच्या नावाचा फलकच लावून राहिले मंडपात.”

बेबीताईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. इकडून सरपंच, तिकडून जावई, आणि दोघांनाही हवी होती ती त्यांची तीच बाटली. दोघांचा विश्वास त्यांच्या फडक्यावर टांगलेला. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

सोमवारी शाळेच्या पटांगणात मंडप भरला. पुढं अधिकारी, एका बाजूला कंपनी, एका बाजूला गाव. उत्पलांनी आपली मोजणी मांडली. अठराशे चाळीस म्हटल्यावर लोक उभेच राहिले. शकूबाई सुनेचा हात धरून दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मान वळवून बेबीताईंकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. खिडकी, घमेली, सगळं. सरपंचांनी पुकारलं, “खोदकामाच्या आधीचा आकडा आता जलसुरक्षक सांगतील.”

बेबीताई माइकपाशी गेल्या. कागदावर बावीस लिहिलेलं होतं. त्यांनी कागदाची घडी केली.

“आधीचा आकडा मले माहीत नाई,” त्या म्हणाल्या. “कागदावर बावीस आहे. पण तो नमुना मी गाळून भरला होता. फडक्यानं. सगळेच नमुने तसेच भरले. पावडरचा वास जावा म्हणून खेळवून खेळवून भरले. त्यानं तो वायू उडून जाते, हे मले बुधवारी कळलं. चूक माही आहे. फलकावरचा हिरवा दिवा खोटा होता, आणि बुधवारपासून माहीत असूनही मी बोलली नाई.”

कंपनीचे वकील हळूच उठले. घाई नव्हतीच त्यांना.

“ताई, म्हणजे खोदकामाआधीच्या नमुन्यावरही विश्वास ठेवता येणार नाही?”

“नाई.”

“म्हणजे हा रेडॉन आमच्या आधीपासून असू शकतो?”

बेबीताईंनी उत्पलांकडे पाहिलं. उत्पलांनी डोळे मिटून घेतले होते.

“असू शकते,” त्या म्हणाल्या.

मंडपात एकच गलका उठला. कोणीतरी ओरडलं, जावयानं शिकवलं हिला. कोणीतरी म्हणालं, विकली गेली. सरपंच खुर्चीत मागं रेलले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. बेबीताईंनी माइक सोडला नाही. “थांबा, एक ऐकून घ्या. पाणी अंगणात वरून ओता. फडक्यातून, सात-आठ वेळा. रात्रभर उघडं ठेवा, मग घरात न्या. न्हाणीचं दार, खिडक्या उघड्या ठेवा. बाळंतिणीच्याही.” अधिकारी म्हणाले, हा आजच्या सुनावणीचा विषय नाही. बेबीताईंनी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि मग खाली उतरल्या.

संध्याकाळपर्यंत फलकावरचा दिवा विझला. अक्षरं आली : ‘माहिती उपलब्ध नाही.’ बेबीताईंचं नाव गेलं, आणि त्याबरोबर ते ‘सौ.’ही गेलं.

दुसऱ्या दिवशी घरात एकटे रोशनच खूश होते. “मामी, तुम्ही तं कमाल केली! साहेब म्हणाले, अशी बाई पाह्यली नाई.” बेबीताईंना ते कौतुक चटका बसावा तसं लागलं. तेवढ्यात उत्पला निरोप घ्यायला आल्या. मधल्या घरात चहा घेताना त्यांची नजर भिंतीवर गेली. हार घातलेले दोन फोटो होते, एक बेबीताईंच्या नवऱ्याचा, एक सासूबाईंचा. दोन्हींच्या खाली, गावात सगळ्यांच्याच घरी असते तशी, जाण्याची तारीख लिहिलेली. नवरा २०२५. सासूबाई २०३४. फोटोंखालीच नळ आणि पाण्याची जागा.

उत्पलांनी चहा खाली ठेवला. “हे फोटो कधी टांगले?”

“तेराव्याच्या दिवशीच टांगतो आम्ही. तारीख लिहिली आहे ना जी.”

“काच बदलली कधी?”

“कायले बदलू?”

उत्पला उठून फोटोजवळ गेल्या. त्या आता भराभर बोलत होत्या. “हवेतला रेडॉन विरतो तेव्हा त्याचे कण काचेवर बसतात आणि त्यातले काही धक्का बसून काचेच्या आत रुततात. तिथं एक प्रकारचं शिसं होऊन राहतात. ते निम्मं व्हायला बावीस वर्षं लागतात. पुसलं, धुतलं तरी जात नाही. ही काच बारा वर्षं याच हवेत आहे. आठ वर्षं खोदकामाआधीची, चार नंतरची. आणि सासूबाईंची काच फक्त खोदकामानंतरची. एकातून दुसरं वजा केलं की…” त्या वळल्या. “बेबीताई, आधी किती होता ते या दोन काचा सांगतील. खरंखुरं.”

रोशनचं हसू मावळलं. “मामी, हे कायले आता? मिटलं ना सगळं.”

“मिटलं नाई, जावईबापू. माहीत नाई, एवढंच ठरलं.”

“माही नोकरी आहे तिथं.”

“हाव. आणि तुमची पोट्टी आहे इथं.”

त्यांनी स्टूल घेतलं, गुडघ्याला बरं वाटेना तरी चढल्या आणि दोन्ही फोटो उतरवले. भिंतीवर दोन स्वच्छ चौकोन उरले. रोशननी दुसऱ्याच दिवशी मायलेकींना न्यायला गाडी आणली. सव्वा महिना व्हायला अजून दोन आठवडे होते. मोनाली निघताना रडली, पण गेली. काय करणार? तिचं घर तिकडं होतं. बेबीताईंनी दार लावलं आणि फोटो नसलेल्या भिंतीपुढं बसून पोटभर रडून घेतलं.

निकाल यायला तीन महिने लागले. उत्पलांनी फोनवर सांगितला. खोदकामाआधीही रेडॉन होता. हिशेब केला तर पाण्यात तीनशेच्या आसपास. खोदकामानंतर सहापट झाला. म्हणजे वकिलाचं थोडं खरं होतं आणि सरपंचांचं पुष्कळ. बेबीताईंना जास्त लागला तो तीनशेचा आकडा. म्हणजे नळ आल्यापासून सारं गाव हे घेत होतं, आणि पहिली बाटली नीट भरली असती तर तेव्हाच कळलं असतं.

“मग आता बंद होईल का खडक फोडणं?”

“कंपनी म्हणते, एका घराच्या दोन काचांवरून काय ठरवता? बारा विहिरींचा निर्णय पुढल्या महिन्यापर्यंत थांबवलाय. तोवर निदान वीस घरांच्या काचा पाहिजेत. जुन्या आणि नव्या, जोडीनं. जमेल?”

बेबीताईंनी नुसतं “पाहतो” म्हटलं. गावात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. जलसुरक्षक म्हणून दुसरीच मुलगी लागली होती. तरी त्या घरोघर गेल्या. एकीनं दार उघडलं नाही. एकीनं उघडलं आणि म्हणाली, आमचा मेलेला माणूस तुह्या हाती देऊ, आणि तू त्याचंही काही करून ठेवशील. बोबड्यांच्या घरी सरपंचांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. सात घरं झाल्यावर बेबीताई परत फिरल्या.

फिरताना मात्र त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक अंगणात घमेली मांडलेली होती. घमेल्यांच्या तोंडाला दुहेरी फडकी बांधलेली होती आणि बायका हात उंच करून पाणी ओतत होत्या. सगळ्या आळीतून पाण्याचा आवाज येत होता. त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही, पण पाणी सगळ्या त्यांच्यासारखंच भरत होत्या.

त्या आठवड्यात मोनालीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, बाळ कुशीवर वळायला लागलं म्हणाली. मग म्हणाली, “आई, खिडकी उघडीच ठेवतो. यांनीच मच्छरदाणीची जाळी ठोकून देली. बोलले काई नाई, पण ठोकली.” बेबीताई म्हणाल्या, बरं केलं, आणि बोलणं संपल्यावरही फोन हातात धरून बसल्या.

शकूबाई आल्या त्या रविवारी सकाळी. कुंपणावरून नव्हे, फाटकातून. सुनावणीनंतर त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता. काखेत लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या ओट्यावर बसल्या आणि गुंडाळी सोडली. दोन फोटो निघाले, सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा. सासरे २०२७, नवरा २०३५.

“तुले चार दिवस माहीत होतं,” शकूबाई म्हणाल्या. “माही सून तुह्या डोळ्यांपुढं न्हात होती.”

“हाव.”

“मी तुले विचारलं होतं. दोनदा.”

“हाव, शकू.”

शकूबाई नवऱ्याच्या फोटोकडे पाहत राहिल्या. “सुनेले पोरगा झाला. खिडकी उघडी ठेवूनच झाला. तू मांडवात सांगतलं नसतं तं ते कोणीच सांगतलं नसतं. तो बोबडे सांगत होता का? घे. चंद्रभागा आणि सुमनही देतो म्हणते. पण पहिले कोण जाते, पहिले कोण जाते करून राहिल्या. म्हटलं, मी जातो.”

बेबीताईंनी आतून वही आणली, चिठ्ठ्या आणल्या. घराचं नाव, फोटो टांगल्याची तारीख, नळापासूनचं अंतर. खाली ‘नमुना घेणार’ असं लिहून त्या क्षणभर थबकल्या आणि मग पुढं नुसतं नाव लिहिलं, बेबीनंदा पिदुरकर. शकूबाईंच्या नवऱ्याच्या काचेवर धूळ होती, कुंकवाचा जुना डाग होता. आता हा नागपूरला जाणार, दहा लोक पाहणार. बेबीताईंनी सवयीनं पदराचं टोक ओलं केलं आणि काचेवर हात नेला.

शकूबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“राहू दे तशीच,” त्या म्हणाल्या. “साफ करून पाठवू नको.”

बेबीताईंनी पदर सोडला आणि फोटो तसाच लुगड्यात गुंडाळला.